हिलाल नानांची टिकली

खरा कारागीर निघून जातो, पण त्याची खूण मागे राहते.

हे वाक्य माझे आहे. हिलाल नानांच्या निरोपाच्या कार्यक्रमासाठी मी ते मानपत्रात घातले, वेलबुट्टीच्या चौकटीत सोनेरी अक्षरांत छापून घेतले आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. शेठनी शाल पांघरली. मग नानांनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. नाना उठले, माइकवर बोटाने टकटक केली, आवाज ऐकून नापसंतीने मान हलवली आणि म्हणाले, "मास्तरनी लिहिलं चांगलं. पण खूण राहिली म्हणजे काम कच्चं शे."

आणि बसले. एवढ्या वर्षांच्या नोकरीवरचे त्यांचे हे संपूर्ण भाषण. त्यानंतर नाश्ता होता.

मास्तर म्हणजे मी. मी मास्तर नाही. कोणी सांगितलेले नसताना जो पुस्तक वाचतो, त्याला नाना मास्तर म्हणत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत साचे दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मी दाखले लिहायचे काम करतो. आमच्या भागात चटया, पाइप, नळांचे तुकडे, केळीचे क्रेट असे सगळे प्लास्टिकचे निघते, आणि प्रत्येक वस्तूमागे एक लोखंडी साचा असतो. साचा झिजतो, खरचटतो, कोणाच्या तरी हातून पडतो, मग आमच्याकडे येतो. नाना तो बरा करत. शब्बीरभाई घासून-पुसून त्याला आरशासारखा करत. आणि मी मोजमाप घेऊन, हे काम झाले आहे असे इंग्रजीत लिहून खाली सही करत असे. तिघांत सर्वांत जास्त पदव्या माझ्याकडे होत्या.

नाना पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले, बोलणे अहिराणी वळणाचे, 'आहे'ला 'शे' म्हणणारे. बुटके, काटक, खाकी पँट, वर पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात तीन वस्तू: घड्याळजींचे असते तसे भिंग, कापसाचा बोळा आणि जुन्या काळचा एक जाड रुपया. कापूस कानांत घालायला. रुपया ठोकायला. कोणतीही वस्तू समोर आली की नाना आधी ती रुपयाने ठोकत, कान लावत, आणि मगच तिच्याविषयी मत बनवत. साचा तर ठोकतच, पण कलिंगड, पाण्याची टाकी, पाहुण्यांकडचे स्टीलचे कपाट, एसटीचा पत्रा हेही सोडत नसत. शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा सगळ्यांना पेढे वाटले. नानांनी पेढा तोंडात टाकला, गाडीच्या दाराला रुपयाने दोन टिचक्या मारल्या आणि एवढेच म्हणाले, "पातळ शे." त्यानंतर महिनाभर शेठ गाडीचे दार दोन्ही हातांनी लावत होते.

त्यांची दुसरी सवय गिऱ्हाइकांना जड जाई. साचा कसा बिघडला हे ज्याच्या हातून बिघडला त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाना त्याला हात लावत नसत. "याले काय व्हयनं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "आपोआप झालं" हे उत्तर त्यांना चालत नसे. धरणगावहून एकदा नळाच्या तोटीचा साचा आला. आणणाऱ्याने सांगितले की सकाळी बघितले तर कोपरा तुटलेला. नानांनी साचा कोपऱ्यात ठेवून त्यावर गोणपाट घातले. चार दिवस तो तसाच. गिऱ्हाईक रोज फोन करून शेठना ओरडे, शेठ नानांकडे येत, नाना म्हणत, पेशंट अजून बोलत नाही. पाचव्या दिवशी मालकाने स्वतः फोनवर कबूल केले, की साचा अडकला तेव्हा त्याच्या मेव्हण्याने पहारीने उचकटला होता. नानांनी अर्ध्या दिवसात काम करून दिले.

मला बरीच वर्षे वाटत होते की ही लहर आहे, किंवा मेव्हण्यांविषयीची सर्वसाधारण दहशत आहे. खरे कारण साधे होते. पडलेल्या लोखंडाची चीर सरळ खाली जाते, उचकटलेल्या लोखंडाची आडवी. वरून दोन्ही सारखीच दिसतात. चूक कळली की चीर सापडते. हे नानांनी मला समजावून सांगितले नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "लोखंडले बी लाज ऱ्हास, मास्तर. ते झाकस." दाखल्यात मी हे घालू शकलो नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे खूण. दुरुस्त झालेला साचा शब्बीरभाईंच्या हातात गेला, पॉलिश होऊन आला, की रोजचा एक सामना होई. शब्बीरभाई डोळे मिटून साच्यावरून तर्जनी फिरवत आणि जोड कुठे आहे ते शोधत. सापडला तर नानांनी भर उन्हात कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा आणायचा, नाही सापडला तर शब्बीरभाईंनी. पंचवीस वर्षे हे चालू होते. चहा कोण आणतो आहे हे पाहून आम्हाला त्या दिवशीच्या कामाची प्रत कळे, आणि खरे सांगायचे तर माझ्या दाखल्यापेक्षा ते अधिक भरवशाचे होते. बहुतेक वेळा शब्बीरभाईच जात. जाताना पुटपुटत, "या म्हाताऱ्याचे हात कलम करायला पाहिजेत."

मग ते मशीन आले.

पुण्याच्या एका कंपनीने ते तीन महिन्यांच्या बोलीवर दिले होते. पसंत पडले तर ठेवा, नाहीतर आम्ही घेऊन जातो. त्याला जागा करायला शेठनी नानांची वेल्डिंगची शेड पाडली. शेठ मनाने वाईट नव्हते. त्यांनी नानांना बोलावून स्पष्ट सांगितले, की साच्याला वेल्डिंग केले की तो तापतो आणि वाकतो, गिऱ्हाइके गुजरातकडे जायला लागली आहेत, आता यापुढे हेच मशीन. आणि मशीन परत गेले तर शेड पुन्हा बांधणे काही होणार नाही, तसे झाले तर नानांनीही मग आराम करावा.

नाना शेठकडून निघून थेट माझ्या टेबलाशी आले. मला म्हणाले, घरी बसलो तर अक्का मला दळण आणायला पाठवेल. अक्का म्हणजे त्यांची बायको. हे ते हसत म्हणाले, पण त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा न उघडता घरी गेला, आणि अक्काच्या हातची भाजी परत गेल्याचे ते माझ्या माहितीतले एकमेव उदाहरण आहे.

मशीनचे नाव कोल्ड स्प्रे. धातूची मैद्यासारखी बारीक पावडर दाबाच्या हवेत सोडायची आणि एका अरुंद गळ्याच्या नळीतून आवाजाच्याही पुढे धावेल अशा वेगाने साच्यावर मारायची. पावडर वितळत नाही. कण आपटतात, चपटे होतात आणि एकमेकांत घट्ट बसतात. थरावर थर चढतो, खड्डा भरतो, आणि साच्याला हे घडल्याचे फारसे कळतही नाही. तो तापत नाही, म्हणून कोल्ड. फक्त त्यासाठी लागणारी हवा चांगली सणसणीत तापवावी लागते. जळगावच्या उन्हाळ्यात ज्या खोलीत हे मशीन बसले, ती आमच्या आवारातली सर्वांत गरम जागा झाली. पण "आमच्याकडे कोल्डचं मशीन आलं" ही बातमी तोवर पसरली होती. शेजारच्या डाळ मिलची माणसे दुपारच्या सुट्टीत टॉवेल खांद्यावर टाकून गार हवेत बसायला येत. दार उघडत, तोंडावर झळ घेत आणि आमच्याकडे फसवले गेल्याच्या नजरेने बघत परत जात.

मला वाटले होते नाना मशीनचा द्वेष करतील. नानांनी ते रुपयाने ठोकले, कान लावला आणि चक्क प्रेमात पडले. पुण्याहून आलेला इंजिनिअर पडद्यावर चित्रे दाखवून दोन तास समजावत होता. नानांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे गोवरी." हळू टाकलेले शेण भिंतीवरून घसरते, जोरात थापलेले बसते. इंजिनिअरचा चेहरा पडला, कारण दोन तासांत त्याने सांगितलेले सगळे त्यात आले होते. पावडर जिथे भरतात त्या भांड्याला तो फीडर म्हणत होता. नाना म्हणाले, हे तर चाडं. पाभरीवर जो लाकडी वाडगा असतो, ज्यात चालता चालता मुठीतून बी सोडायचे, तो. आठवडाभरात सगळा कारखाना त्याला चाडं म्हणू लागला, इंजिनिअरसकट.

उद्घाटन पाडव्याला ठरले. पाहुणे म्हणून आप्पासाहेब आले. आप्पासाहेबांचे पूर्ण नाव सांगत नाही, त्यांच्या संस्थांची यादी सोबत द्यावी लागेल. ते प्रत्येक भाषणात आपण शेतकऱ्याचा मुलगा असल्याचे सांगत आणि ते खरेही होते, त्यांचे वडील शेती करत. शेठनी नानांना बजावले होते की पाहुण्यांसमोर शेणाचा विषय काढायचा नाही. नानांनी शब्द पाळला. त्यांनी फक्त चाड्याचा विषय काढला. "साहेब, हे चाडं. यातून आपण धातू पेरतो."

आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. पेरणीच्या पहिल्या दिवशी चाड्याची पूजा करतात हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांनी ताटातून मूठभर अक्षता घेतल्या, वर हळदीकुंकू घेतले, आणि कोणी काही म्हणायच्या आत झाकण उघडलेल्या चाड्यात वाहिल्या. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, हात नीट आला नाही. आप्पासाहेबांनी दुसरी मूठ वाहिली. इंजिनिअरच्या दोन्ही हातांत पेढ्यांचे ताट होते. तो नुसता "सर, सर" म्हणत राहिला, आणि ज्या अर्थी लोक त्यांना सर म्हणत होते त्या अर्थी आप्पासाहेब प्रसन्न हसले.

बटण दाबले गेले. काचेच्या खोलीत विमान उडाल्यासारखा आवाज झाला. नमुन्यासाठी समोर लावलेल्या पत्र्यावर चंदेरी पट्टा उमटायचा होता. आधी पिवळा धूर आला, मग पत्रा सुंदर गुलाबी झाला. मग तांदूळ नळीच्या गळ्याशी पोचले आणि जास्तीची हवा सोडणाऱ्या झडपेने अशी किंकाळी फोडली की आप्पासाहेबांचे दोन कार्यकर्ते त्यांच्यावर आडवे पडले. अंग झटकून उठल्यावर आप्पासाहेब वीस मिनिटे बोलले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात "खान्देशात धातूची पेरणी" असा मथळा होता आणि शेजारी अक्षता वाहणाऱ्या हाताचा फोटो. हात नीट आला होता.

मशीन पूर्ण सोडवून साफ करायला तीन दिवस लागले. शेवटचा दाणा नानांनी सुईने काढला आणि खिडकीत चिमणीला ठेवला. इंजिनिअरने पुण्याला कळवले की मशीन स्थानिक परिस्थितीला कितपत मानवेल याविषयी शंका आहे. शेठनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवले आणि म्हणाले, आता एक तरी खरे, मोठे काम यातून नीट व्हायला हवे आणि गिऱ्हाइकाचे तसे पत्र हवे, नाहीतर मी ते ठेवून घेणार नाही. बोलताना ते मशीनकडे बघत होते. शब्बीरभाई नानांकडे बघत होते.

मोठे काम आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर आले, धुळ्याहून. केळीच्या क्रेटचा साचा, खाटेएवढा, दोन भागांत, ट्रकवर ताडपत्रीखाली. सोबत कारखान्याचे मॅनेजर देवरे साहेब, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. रावेरला केळीची काढणी सुरू झाली होती, क्रेटची मागणी दाराशी उभी होती, आणि साच्याच्या आतल्या भिंतीला एक गोल खड्डा पडला होता.

नानांनी विचारले, "याले काय व्हयनं?"

"नैसर्गिक झीज," देवरे साहेब म्हणाले.

नाना साच्यात शिरले. कमरेपर्यंत आत, बाहेर फक्त खाकी पँट. भिंग लावून बराच वेळ बघत होते. मग आतूनच त्यांचा आवाज आला, "साहेब, दहाचं नाणं शे का तुमच्याकडे?" देवरे साहेबांनी खिशातून काढून दिले. आतून खट् असा लहानसा आवाज आला. नाना बाहेर आले. नाणे खड्ड्यात असे बसले होते की जणू ते तिथेच वाढले.

नानांनी आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. मी दाखला लिहिणारा म्हणून दारात थांबलो. देवरे साहेब साच्यावरच्या एका बोल्टकडे बघत बोलले. आखाजीच्या मुहूर्तावर नव्या मागणीचा श्रीगणेशा करायचा होता. साच्याची पूजा त्यांनीच केली, सपत्नीक. ओल्या कुंकवाचा टिळा लावून त्यावर दक्षिणेचे अकरा रुपये चिकटवले, दहाचे नाणे आणि त्यावर एकाचे. मग नारळ, आरती, टाळ्या, आणि यजमान या नात्याने बटणही त्यांनीच दाबले. साच्याचे दोन्ही भाग काहीशे टनांच्या जोराने मिटले. दक्षिणा आत होती.

"किती वेळा मिटला?" नानांनी विचारले.

देवरे साहेबांनी बोल्टवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"साहेब, बठ्ठं सांगा, काही ठेवू नका. याच्यावर माझी भाकरी शे."

"दोनदा," देवरे साहेब म्हणाले. "पहिल्यांदा आवाज आला. म्हणून आवाज कसला ते बघायला पुन्हा मिटवला."

नानांनी समाधानाने मान हलवली. पहिल्या दाबाने खड्डा पडला, पण दुसऱ्याने लोखंड बाजूला सरकले असणार. त्यांनी खड्ड्याच्या कडेने कोरायला घेतले, आणि कडेपासून सूतभर अंतरावर, वर काहीही दिसत नव्हते अशा जागी, केसासारखी चीर सापडली. ती राहिली असती तर वर चढवलेला थर आठवड्यात निघून आला असता. देवरे साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले की दाखल्यात बिघाडाचे कारण लिहावेच लागते का. मी म्हटले, लागते. बराच विचार करून आम्ही "बाह्य वस्तूचा दाब" यावर आलो.

नाना पोशाख चढवून काचेच्या खोलीत गेले. डोक्यावर शिरस्त्राण, तोंडाला मुखवटा, कानांवर कंपनीने दिलेली जाड झाकणे आणि त्यांच्या आत, भरवसा नको म्हणून, घरचा कापूस. अंतराळवीर पारोळ्याच्या आठवडे बाजाराला निघाल्यासारखे दिसत होते. इंजिनिअर पुण्याहून मुद्दाम आला होता. त्याचे म्हणणे, नळी एकाच अंतरावर आणि एकाच वेगाने फिरवणे यंत्राच्या हातालाच जमते, माणसाच्या हाताला उंचवटे येतात. आमच्याकडे यंत्राचा हात नव्हता. नाना होते.

खोलीत पुन्हा विमान उडाले. नाना नळी घेऊन डावीकडून उजवीकडे गेले, उजवीकडून डावीकडे आले. घाई नाही, थांबणे नाही. खांदा हलत नव्हता, नुसते पाय चालत होते. दुपार टळेपर्यंत ते असेच बैलाच्या चालीने येत-जात राहिले. मशीन थांबल्यावर मी थराची जाडी मोजली. इंजिनिअरने माझ्या हातून उपकरण घेऊन पुन्हा मोजली. मग त्याने नानांना विचारले, हे शिकलात कुठे. नाना कानातला कापूस काढत म्हणाले, वडिलांच्या पाभरीमागे. चाड्यात बी सोडताना मूठ क्षणभर अडली की तासात, पेरणीच्या ओळीत, रिकामी जागा पडते, "आणि मग चार महिने गाव बघस."

इंजिनिअरने हे वहीत लिहून घेतले. गोवरीचे त्याने आधीच घेतले होते.

पुढे शब्बीरभाईंनी दोन दिवस घासले, पॉलिश केले. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून बोट फिरवले. एकदा, दोनदा, तीनदा. सापडेना. "चलो, मी चहा आणतो," म्हणाले, आणि डोळे उघडले. आणि चहाला निघण्याऐवजी साच्यावर वाकले.

बोटाला जोड लागत नव्हता, पण डोळ्याला दिसत होता. साच्याची भिंत वापराने मंद झाली होती, आणि भरलेला धातू तिच्यापेक्षा जास्त चमकत होता. दहाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठी, गोल, लखलखीत टिकली. शब्बीरभाईंनी ती बारीक कागदाने मंद करून पाहिली, तेल लावून पाहिली, शेवटी शिव्या देऊन पाहिली. ती अधिकच उजळली.

नाना त्या दिवशी स्वतः उन्हात चहा आणायला गेले. शब्बीरभाई मागून ओरडले, "नाना, बारी माझी होती." नाना थांबले नाहीत. परत आल्यावर म्हणाले, सगळा थर काढतो आणि पुन्हा चढवतो. पण ट्रक दारात उभा होता आणि देवरे साहेब तासातासाला फोन करत होते. शेठनी साचा चढवला. नाना कोणाला न विचारता ट्रकमध्ये साच्याशेजारी जाऊन बसले, आणि दाखला घेऊन मी ड्रायव्हरशेजारी. पारोळ्याला ट्रक चहासाठी थांबला, तेव्हा ओळखीची चार माणसे भेटली. नाना ताडपत्री अंगावर ओढून झोपल्याचे सोंग करत पडून राहिले.

धुळ्याला साचा मशीनवर चढला. पहिला क्रेट बाहेर आला, हिरवा, गरम. नानांनी तो हातात घेतला, रुपयाने ठोकला, कान लावला. आवाज चांगला असावा, कारण चेहरा क्षणभर खुलला. मग त्यांनी क्रेट उजेडात तिरका धरला. साच्याची चमक प्लास्टिकवर जशीच्या तशी उतरली होती, आतल्या भिंतीवर टिकली चमकत होती.

"साहेब, माले साचा परत द्या. मी काढतो हे."

देवरे साहेब म्हणाले, आता काढता येणार नाही, रावेरच्या गाड्या लागल्या आहेत. पण असा डाग असलेला माल व्यापारी घेतात की नाही ते बघितल्यावरच पत्र देईन. हे अन्यायाचे होते असे मला वाटत नाही. डाग होता, हे नानांना मान्य होते, इतरांपेक्षा जास्तच.

पुढचे तीन आठवडे नानांनी काहीही ठोकले नाही. तीन महिन्यांची मुदत संपत आली. मशीन परत न्यायला गाडी कोणत्या दिवशी पाठवू, असे पुण्याहून विचारणे आले. नाना रोज सकाळी येऊन मशीन पुसत आणि चाड्यावर फडके टाकत. शब्बीरभाईंनी चहाची बारी मोडून रोज स्वतःच चहा आणायला सुरुवात केली. हे नानांना इतके लागले की त्यांनी तो प्यायलाच नकार दिला.

मुदतीला चार दिवस असताना देवरे साहेब स्वतः आले. हातात पत्र होते आणि मागे ट्रकवर दुसरा साचा. ते खुर्चीत बसायच्या आधीच सांगू लागले. टिकलीवाले क्रेट रावेरला पोचले. त्या पहिल्या खेपेतली केळी उत्तरेत न डागाळता उतरली. ती क्रेटमुळे उतरली, भरणाऱ्यांमुळे की देवाच्या कृपेने, हे कोणालाच सांगता आले नसते. पण व्यापाऱ्यांनी क्रेट उलटेपालटे करून पाहिले, आत चमकती टिकली सापडली, आणि ती कंपनीच्या अस्सलपणाची खूण ठरली. आता टिकली नसलेला क्रेट ते हातात घेऊन परत करत होते. कारखान्यात दोन साचे, टिकली एकाच साच्याला. देवरे साहेबांची अर्धी गोदामे बिनटिकलीच्या मालाने भरली होती.

शेठनी पत्र वाचले आणि तिथल्या तिथे पुण्याला फोन करून सांगितले की गाडी पाठवू नका. मग आम्ही सगळे अंगणात ट्रकभोवती जमलो. नाना साच्याजवळ गेले. तीन आठवड्यांनी खिशातून रुपया निघाला. त्यांनी ठोकले, कान लावला.

"याले काय व्हयनं?"

"काहीच नाही नाना," देवरे साहेब म्हणाले. "एकदम चांगला आहे. फक्त टिकली पाहिजे."

"मग दुरुस्त काय करू?"

"तसं नाही. त्या साच्यासारखी इथे एक छोटी..."

"साहेब," नाना म्हणाले, "आधी घरी जा. वहिनींना घेऊन पूजा करा. अकरा रुपये ठेवा, बटण दाबा. दोनदा दाबा. मग माझ्याकडे या."

शब्बीरभाई हसता हसता ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसले. शेठ हसू नये म्हणून पत्र पुन्हा वाचू लागले. देवरे साहेबही शेवटी हसले. साचा जसा आला तसा परत गेला, नानांनी त्याला हात लावला नाही. धडधाकट साच्याला खूण करणे त्यांच्या कामात बसत नव्हते.

मशीन राहिले, म्हणून नानाही राहिले. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी कितीतरी साचे बरे केले, आणि त्यांतला एकही मी तुम्हाला दाखवू शकत नाही, कारण कुठे काय केले आहे ते मलाच सापडत नाही. शब्बीरभाईंनाही सापडले नाही. ते उन्हात चहा आणत राहिले. रावेरच्या टिकलीचा विषय नानांसमोर काढायचा नाही, हा कारखान्याचा अलिखित नियम झाला, आणि तो मी निरोपाच्या दिवशी सोनेरी अक्षरांत मोडला.

त्यानंतर नाना मला एकदाच दिसले. पारोळ्याच्या बाजारात, एसटीच्या थांब्याजवळ. एक हिरवा क्रेट पालथा घालून त्यावर बसले होते. पायाशी दळणाचा डबा. समोरच्या कलिंगडवाल्याची कलिंगडे रुपयाने ठोकून, कोणते आत लाल आहे ते गिऱ्हाइकांना फुकट सांगत होते, आणि कलिंगडवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला पाहून म्हणाले, "मास्तर, अक्काने दळण आणायले धाडलंच."

त्यांची गाडी आली. उठल्यावर क्रेट कलंडला आणि आतली टिकली उन्हात चमकली. मी म्हटले, नाना, बघा, तुमचीच. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली आणि डबा घेऊन गाडीत चढले. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी गाडीच्या पत्र्याला रुपयाने दोन टिचक्या मारल्या, ऐकले, आणि कंडक्टरला काहीतरी सांगितले. ते त्याला आवडले नाही असे दिसले. गाडी गेली.

क्रेट तिथेच पडला होता. मला राहवले नाही. मी खाली बसलो, मानपत्र लिहिणाऱ्याला शोभेल अशा गांभीर्याने त्या खुणेवरून बोट फिरवले. कडेला नख अडकले.

टिकली निघून हातात आली. चमकीच्या कागदाची होती.